असीरगडावर औटकी कशी चुकली

“साहेब, माणूस फार उंचावर गेला की त्याची अक्कल कुठे जाते?”

हा प्रश्न मी विचारला तेव्हा डेप्युटी साहेब आमच्या वर्गातल्या उंच चौथऱ्यावर, उंच खुर्चीत, डोक्याला उंच फेटा बांधून बसले होते. हेडमास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला. माझ्या शेजारी विमल आणि कुसुम एकमेकींना चिमटे काढत होत्या, कारण पैज त्यांचीच होती. डेप्युटी साहेब दर साली शाळा तपासायला येतात आणि जाताना “कुणाला काही विचारायचं आहे का?” असं विचारतात. शाळा उघडल्यापासून त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. मुलांनी नाही, तर आम्ही तीन मुली काय विचारणार? आमचा बाक दाराला लागून, म्हणजे आम्ही वर्गात कमी आणि व्हरांड्यात जास्त.

“कोके, तू विचारलंस तर ओंजळभर चिंचा,” विमल म्हणाली होती.

“आणि माझ्याकडून मीठ,” कुसुम म्हणाली. कुसुम पहिल्यापासून चिक्कू.

आता एक सांगते, गेल्या गणपतीत मी चौकात उभी राहून भाषण केलं होतं आणि मधेच विसरले नव्हते. तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली आहे. आई म्हणते, हे दुखणं आहे, उतरेल. अजून तरी उतरलेलं नाही.

प्रश्न मात्र मी चेष्टेनं काढला नव्हता. गेल्या साली काही विलायती साहेब गौरीशंकरावर चढायला गेले होते, त्याची हकीगत अप्पांच्या वर्तमानपत्रात आली होती. त्यात एक साहेब एकटाच वर वर गेला आणि बसून खाऊचा तुकडा मोडून मागे वळला, शेजारच्या सोबत्याला द्यायला. शेजारी सोबतीच नव्हता! ही हकीगत मी इतक्या वेळा वाचली की ते पान अप्पांनी शेवटी माझ्या नावावर करून टाकलं. एवढा शहाणा, धडधाकट माणूस, आणि बर्फात हवेला खाऊ वाटतो?

डेप्युटी साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. “प्रश्न चांगला आहे,” ते म्हणाले, “याचं उत्तर तुमचे शास्त्राचे मास्तर देतील,” आणि चौथऱ्यावरून फार जपून खाली उतरले.

शास्त्राचे मास्तर म्हणजे दिगंबर मास्तर. ते नववीपासून पुढेच शास्त्र शिकवतात, आठवीला फक्त भूगोल. पण त्या दिवशी त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला.

“पहिली गोष्ट, तो गौरीशंकर नव्हे, एव्हरेस्ट. दोन्ही वेगळे. दुसरी गोष्ट, उंचावर हवा विरळ होत जाते. छाती भरून श्वास घेतला तरी त्यात प्राणवायू थोडाच. आणि आपला मेंदू हा शरीरातला सगळ्यात खादाड अवयव. वजनानं एवढासा, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा गिळतो. त्याचं पोट भरलं नाही की तो एकेक काम सोडून देतो. आधी बारीक विचार जातो, मग आठवण जाते, हातपाय ऐकेनासे होतात. पूर्वी फुग्यात बसून आकाशात गेलेले काही पंडित होते. समोर दोरी लोंबते आहे, ती ओढली की जीव वाचतो, हे त्यांना दिसत होतं. पण हात उचलवेना.”

“मग त्यांना भीती नाही वाटली?”

“तीच तर गंमत आहे, कोकिळे. ज्याची अक्कल जाते त्याला ते कळत नाही. उलट फार बरं वाटतं. आपण अगदी बरोबर आहोत अशी खात्री वाटते. पण—”

आणि घंटा झाली. मास्तरांचं ते ‘पण’ ऐकायला मी थांबले नाही. माझ्या डोक्यात त्या क्षणी असीरगड उभा राहिला होता.

असीरगड बुऱ्हाणपूरच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतो असं म्हणतात. आमच्या लालबाग वस्तीतून दिसत नाही, पण आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मुलखात त्याच्याहून उंच काही असल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. म्हटलं, एव्हरेस्ट साहेबांना राहू दे. आपल्याला असीरगड पुरे.

घरी गेले तर अप्पा झोपाळ्यावर बसून औटकी म्हणत होते. माझे अप्पा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात दिवाणजी आहेत. बाकीची माणसं संध्याकाळी रामरक्षा म्हणतात. अप्पा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे चढत चढत औटकीपर्यंत जातात. औट म्हणजे साडेतीन. एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा, असं एकोणीस औटे साडेसहासष्टपर्यंत एका दमात. जिनातले लोक कापसाचा हिशेब कागदावर मांडेपर्यंत अप्पांनी तो तोंडानं सांगून पान लावलेलं असतं. देवानं त्यांना रूप दिलं नाही, उंची दिली नाही, औटकी दिली, असं ते स्वतःच म्हणतात.

“अप्पा,” मी म्हटलं, “उंचावर गेलं तर तुमचीसुद्धा औटकी चुकेल.”

झोपाळा थांबला.

“काय म्हणालीस?”

मी मेंदू, प्राणवायू, फुगा, सगळं सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “हे साहेबांच्या मेंदूचं झालं. त्यांना पाढे पाठ कुठे असतात? ज्याची औटकी लहानपणी पंतोजींच्या छडीखाली पाठ झाली, त्याचं हवा काय बिघडवणार?”

“मग पैज लावता?”

हे मी उगाच बोलले नाही, कारण माझ्या मनात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती. यंदा आठवी संपते. नववीत विषय घ्यायचे. मुलींनी शिवण आणि स्वयंपाक घ्यायचा, असा रिवाज. तो विषय घेतला की दिगंबर मास्तरांचा वर्ग कायमचा बंद. शास्त्र घ्यायचं तर वडिलांनी कागदावर सही करून द्यावी लागते, आणि अप्पांनी ती केव्हाच नाकारली होती. “शास्त्र घेऊन तू काय जिन चालवणार आहेस?” असं म्हणून.

“तुमची औटकी गडावरच्या हवेनं चुकली, तर शास्त्राच्या कागदावर सही करायची,” मी म्हटलं. “नाही चुकली, तर मी शिवण घेईन. वर तोंडातून अवाक्षर काढणार नाही.”

“हे दुसरं जमेल तुला?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

अप्पांनी पैज घेतली. त्यांच्या औटकीच्या अब्रूचा प्रश्न होता.

बेत नुसता आमच्या तिघांत राहिला असता तर काय हवं होतं! पण आमच्या शेजारी मथुरामावशी राहतात, आणि भिंत पातळ आहे.

“पोरी, पागल झालीस का?” दुसऱ्या दिवशी त्या आल्याच. “गडावर अक्कल जाते ती हवेनं नाही गं. वर शंकराच्या देवळात अश्वत्थामा येतो पहाटे फूल वाहायला. कपाळाची जखम वाहते त्याची. ज्याला दिसला त्याचं दिमाग गेलंच समज. आमच्या देडतलाईच्या मामांना दिसला होता.”

“मग मामा वेडे झाले?”

“नाही. पण त्या आधी तरी कुठे बरे होते?” असं म्हणून त्यांनी तेलाची बाटली पुढे केली. “हे ने. त्यानं मागितलं तर जखमेला दे. आणि विचारू नकोस काही. तुझं तोंड फार चालतं.”

दुसरे सल्लागार भाईदासकाका, कापडवाले. ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, “दिवाणजी, फिकर मत करो. मी येतो ना साथ में. माझी पण परीक्षा घे बेटी. मला चार जावई आहेत, चारही जावयांची नावं क्रमानं सांगतो. आणि खाण्याचं माझ्यावर सोपवा. शास्त्र काय उपाशीपोटी होतं का?”

हे त्यांचं शेवटचं वाक्य नीट ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

मग अप्पांना वाटलं, किल्ल्यावर प्रयोग करायचा तर लेखी परवानगी हवी. कुणी मागत नव्हतं. पण अप्पा कायद्याचे इतके भोक्ते की रस्त्यावरून चालतानासुद्धा, कुणी बघत नसलं तरी, डावीकडूनच चालतात. मलाही नेलं, कारण अर्जातला ‘प्राणवायू’ हा शब्द माझा होता. कचेरी कुठली ते लिहीत नाही. अप्पांना तिथे अजून जावं लागतं.

तिथल्या कारकुनांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

“प्राणवायू वरून खाली आणणार का?”

“नाही हो.”

“आणायचा असेल तर जंगल खात्याचा रहदारी पास लागतो. गडावरची काडीसुद्धा बिगर पास खाली येत नाही.”

“आणत नाही. फक्त वर कमी आहे की नाही ते पाहणार,” मी म्हटलं.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. “कमी आहे? म्हणजे सरकारी किल्ल्यात तूट आहे, असं तुमचं लेखी म्हणणं? दिवाणजी, तूट म्हटली की पंचनामा आला. किती होता, किती उरला, कुणाच्या ताब्यात होता. मी तुमच्या भल्याचं सांगतो.”

अप्पांना घाम फुटला. तूट या शब्दाला दिवाणजी लोक सापापेक्षा भितात. शेवटी त्या भल्या माणसानं प्रयोग खोडून तिथे ‘देवदर्शन’ लिहिलं आणि परवानगी दिली. आधुनिक शास्त्र आमच्या घरात असं देवळाच्या दारानं आलं.

जायला बैलांची दमणी ठरवली सुपडूची. सुपडू शाहपूरचा, केळीच्या बागांतला माल वाहणारा. त्याचे बैल त्याच्याहून विचारी दिसतात. आम्हाला कशासाठी जायचंय हे कळल्यावर तो म्हणाला, “दिवाणजी, माणसाचं जाऊ द्या. माह्या बैलायची अक्कल गेली तर वापस कोन नेईल?” बैल पायथ्याशीच राहतील असं वचन दिल्यावर तो निघाला. पहाटेच निघालो. दमणीत आई, अप्पा, मी, भाईदासकाका, आणि एक मोठी वेताची टोपली. तिच्यावर फडकं बांधलेलं. काका तिला लहान मुलासारखं मांडीवर घेऊन बसले होते.

पायथ्याशी चिंचेखाली मी पहिली परीक्षा घेतली. दिगंबर मास्तर नेहमी म्हणतात, आधी खाली बघा, मग वर बघा, मग बोला. अप्पांनी औटकी म्हटली. चिंचेवरचे पोपट गप्प झाले इतकी स्वच्छ. भाईदासकाकांनी चार जावई धडाधड सांगितले. आईला मी उखाणा घ्यायला सांगितला. आई लाजली, पदर सारखा केला आणि अप्पांचं नाव नेहमीप्रमाणे कवितेत गुंडाळून, कुणाला ऐकू येईल न येईल असं घेतलं. आई वर्षातून फारतर दोनदा, संक्रांत आणि मंगळागौर अशा वेळी ते नाव घेते. बाकी वर्षभर अप्पा म्हणजे ‘अहो’.

मग चढण. अप्पा पहिल्या दरवाजापर्यंत पाढे म्हणत गेले, दुसऱ्यापर्यंत श्वास घेत गेले, तिसऱ्यापर्यंत नुसते गेले. “बघा, प्राणवायू संपत चाललाय!” मी आनंदानं ओरडले. काका एका पायरीवर बसकण मारून म्हणाले, “बेटी, तो वायू नाही, पोट आहे माझं.” सुपडू सगळ्यांच्या पुढे टोपली डोक्यावर घेऊन चालला होता आणि तो मधूनमधून टोपली हुंगत होता, असा मला संशय आहे.

वर पोचल्या पोचल्या परीक्षा घ्यायची, असं माझं ठरलं होतं. तोंड उघडणार तोच काकांनी फडकं सोडलं.

आता बाहेरगावच्या वाचकांना काय सांगू! मावा जिलेबी. खवा घालून केलेली, जाड, काळसर तांबडी, पाकात डुंबलेली. आमच्या बुऱ्हाणपुरात पाहुणा दारात आला की ‘या’ म्हणायच्या आधी ‘खा’ म्हणतात. मुक्कामाला पोचायचं, हात धुवायचे आणि जेवायचं. त्याच्या आधी गावात कुणी कधी काही केलेलं नाही. माझ्याही ते मनात आलं नाही, हीच तर गोष्ट आहे. आईनं वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा काढला. तळ्याकाठच्या सावलीत पंगत बसली. आई वाढत होती. अप्पा “पुरे” म्हणाले, मग “अर्धी”, मग काहीच म्हणेनासे झाले, नुसतं पान पुढे सरकवू लागले. मीही काही मागे राहिले नाही.

मग मी म्हटलं, “चला, दुसरी परीक्षा!”

भाईदासकाकांनी तीन जावई सांगितले आणि चौथ्यावर अडले. “तो... अरे तो... गोरा है, मूँछ है...” करत आभाळाकडे बघत राहिले. खरंच होतंय! अप्पा तटाजवळ उभे राहिले, छाती काढून. चेहऱ्यावर असं समाधान की मी कधी पाहिलं नव्हतं. मास्तर म्हणाले होतेच, फार बरं वाटतं.

“एक औट औट!” अप्पांनी सुरुवात केली. दहापर्यंत ठीक. “अकरा औटे साडेअडतीस. बारा औटे बेचाळीस. तेरा औटे...” अप्पा थांबले. डोळे अर्धे मिटले. मग हात हलवून म्हणाले, “तेरा औटे पन्नास.”

“अप्पा?”

“पन्नास समजा.”

समजा! ज्या माणसानं आयुष्यात कधी एक कवडी ‘समजा’ म्हटली नाही, त्या माणसानं साडेपंचेचाळीसला पन्नास समजा म्हटलं. मी उडी मारणार होते. पण अप्पा त्या वेळी पुढच्या आकड्यासाठी जोर घ्यायला एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. मागे तटाची भिंत पडलेली होती, गुडघ्याइतकीही उरली नव्हती, आणि भिंतीपलीकडे सबंध निमाड पसरलेला.

“मधुकर! मागे जाऊ नका!”

सगळा गड दणाणला. मशिदीच्या मिनारावरची कबुतरं उडाली. अप्पा जागच्या जागी खिळले. सुपडूनं हात जोडले आणि देवळाकडे पाहिलं. मी पहिल्यांदा विचार केला, हा मधुकर कोण? आणि मग आईनं पदर तोंडावर घेतला तेव्हा कळलं. नाव नुसतं, कवितेशिवाय, सगळ्यांच्या देखत! आणि पुढे ‘नका’ म्हणून मान राखलेला, ते वेगळंच.

“हवा,” भाईदासकाका गंभीरपणे म्हणाले. “भाभीलाही चढली.”

परतीच्या वाटेवर दमणीत अप्पा झोपले होते. तेलाची बाटली तशीच राहिली, ती सुपडूनं दमणीच्या चाकाला घातली.

मला वाटलं होतं, अप्पा खूप नाराज होतील. पण घडलं उलटंच. आठवड्याच्या आत सबंध लालबागेत बातमी झाली, आणि अप्पांना ती आवडली! औटकी चुकली ही शरमेची गोष्ट. पण औटकी उंचीनं चुकली ही मोठी गोष्ट. असं एव्हरेस्टवर चढणाऱ्या साहेबांचं होतं. जिनातल्या मंडळींना ते सांगू लागले, “बेचाळीसपर्यंत मी टिकलो. त्यानंतर हवा अगदीच विरळ.” ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते छातीवर हात ठेवून प्राणवायू समजावून सांगत. आईलाही बरं पडलं. मथुरामावशींनी “नवऱ्याचं नाव घेतलंस म्हणे, डोंगरावर उभी राहून?” असं विचारलं की आई म्हणायची, “काय करणार, मावशी, तिथे हवाच नाही.” मावशींचं मत अजून अश्वत्थाम्याचंच होतं, पण त्यांनी हवेलाही थोडी जागा दिली.

आणि मी? मी तर पैज जिंकले होते. अप्पा म्हणाले, “रविवारी सही करतो. वार चांगला आहे.”

मी शाळेत दिगंबर मास्तरांकडे धावत गेले आणि सगळी हकीगत सांगितली. मास्तर ऐकत होते, आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“कोकिळे, त्या दिवशी माझं एक वाक्य राहिलं होतं. मी म्हणत होतो, पण हे होतं दहा हजार फुटांच्या पुढे. असीरगड सव्वादोन हजारांच्या आसपास. आपली पचमढी त्याच्या दीडपट उंच. तिथे लाटसाहेब सबंध उन्हाळा बसून राज्य चालवतात.”

“पण मग तिथे त्यांची अक्कल—”

“हे तू डेप्युटी साहेबांना विचारू नकोस,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. “तू मला एवढंच सांग. खाली आणि वर यात उंचीशिवाय दुसरं काय बदललं होतं?”

काहीच नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि तोंडात एकदम खव्याची चव आली.

घरी जाताना मला खूप रडू येत होतं. चिंचाही आवडल्या नाहीत. (कुसुमनं मीठ शेवटपर्यंत दिलंच नाही.) विचार करून करून डोकं दुखायला लागलं. गप्प बसले तर रविवारी सही होते आणि मी नववीत शास्त्र शिकते. पण शास्त्राच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी जे बसणार ते खोट्या शास्त्रावर. खरं सांगितलं तर सही जाते. शिवाय अप्पांचा एव्हरेस्ट जातो आणि आईची हवा जाते. दोघांची अब्रू माझ्या हातात, आणि मी तर दोघांची एकुलती एक.

शनिवारी मी भाईदासकाकांना गाठलं. “काका, त्या दिवशीसारखी जिलेबी उद्या आमच्याकडे आणाल?” काकांना असल्या गोष्टीचं कारण लागत नाही.

रविवारी तेच भरीत, तीच भाकरी, तोच ठेचा, तीच टोपली. जागा आमचा ओटा, जमिनीपासून दोन पायऱ्या उंच. तेवढ्यानं प्राणवायू कमी होतो असं कारकूनसुद्धा म्हणणार नाही. मी आधी अप्पांकडून औटकी म्हणवून घेतली, स्वच्छ. काकांनी चार जावई सांगितले. मग पंगत. “पुरे,” “अर्धी,” आणि मग नुसतं पान पुढे. सगळं गडावरच्यासारखं.

“अप्पा, आता परत म्हणा ना.”

“तेरा औटे...” अप्पांच्या चेहऱ्यावर ते गडावरचं समाधान आलं. डोळे अर्धे मिटले. “पन्नास समजा.”

काका चौथ्या जावयावर अडले ते अडलेच. मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, “बेटी, सच सांगू? तो मला पोट भरल्यावर आठवतच नाही. जेवायला बसला की उठत नाही ना, म्हणून मन त्याला बाजूला ठेवतं.”

मी उभी राहिले. गणपतीतल्या भाषणाला उभी होते तशी. मास्तरांचं ‘पण’, दहा हजार फूट, पचमढी, जिलेबी, सगळं सांगितलं. “हवा बेकसूर आहे, अप्पा. मेंदूचं रक्त पोटाकडे गेलं, किंवा झोप आली, की आणखी काही, ते मला अजून नीट माहीत नाही. पण उंची नव्हती, एवढं नक्की.”

अप्पांनी सुपारी कातरायला घेतली. मग मला हळूच म्हणाले, “म्हणजे जिनात मी सगळ्यांना जे सांगितलं...”

“हो.”

“आणि तुझी आई? तिलाही जिलेबीच चढली होती का?”

आम्ही सगळे आईकडे वळलो. आई ताटं उचलत होती. तिनं ती परत खाली ठेवली.

“मला कुठली जिलेबी?” आई म्हणाली. “गडावर मी तुम्हा सगळ्यांना वाढत होते. माझं जेवण व्हायचंच होतं. आणि व्हायच्या आधी तुम्ही भिंतीकडे निघालात.”

“मग हवा नाही, जिलेबी नाही, आणि नाव कसं घेतलंस?”

“अहो, ‘अहो’ म्हटलं असतं तर भाईदासभाईंनी पण वळून पाहिलं असतं आणि सुपडूनं पण. तेवढा वेळ नव्हता.” आईनं पदर खोचला. “त्या गडावर त्या वेळी शुद्धीवर मी एकटी होते.”

भाईदासकाका खो खो हसायला लागले. अप्पाही हसले. आधी थोडं, मग इतके की झोपाळ्याच्या कड्या वाजायला लागल्या. आणि त्या हसण्यात त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी हात पुढे केला.

“पैज तू हरलीस, कोके. पण जाऊ दे. आण तो कागद. करून टाकतो सही.”

कागद माझ्या हातातच होता, आणि दौतही भरलेली होती. अप्पांचा चेहरा तृप्त होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि मिशीला पाक लागलेला. मी कागद पाठीमागे धरला.

“नाही, अप्पा. आता नाही. आई, तूही ऐक. मी ठरवलंय, नववीत मी शास्त्रच घेणार, पैज हरले असले तरी. पण सही उद्या सकाळी, अनशापोटी. आधी तुम्ही एकोणीस औट्यांपर्यंत बिनचूक म्हणून दाखवायचं, आणि मग करायची.”